पुढचं वाच

वर्षभर मी रस्ता पाहिला नाही.
वाचला फक्त.
मांडीवर वही, ओठांशी माईक,
आणि शेजारी यालमारी,
ज्याचं पुढचं वळण माझ्या आवाजात असतं.

आम्ही फिनलंडची माणसं, आमचे शब्द मालगाडीएवढे;
वळण मात्र पापणी लवेपर्यंत संपतं.
म्हणून पहिल्याच हिवाळ्यात शब्दांच्या शेपट्या छाटल्या.
डावं चार. आवळतं. कापू नको.
उजवं दोन, आत दगड.
उंचवटा, बहुधा सरळ.
या ‘बहुधा’वर दोघांचे जीव
आणि त्याच्या घराचे उरलेले अकरा हप्ते.

जानेवारी, फ्रान्सचा घाट, रात्र.
पेन वापरत नाही, शाई गोठते.
बर्फ असेल तिथे लाल पेन्सिलीची नागमोडी रेघ.
एका वळणावर प्रेक्षकांनीच फावड्यांनी
रस्त्यावर बर्फ लोटून ठेवलेला, गंमत म्हणून.
ते वहीत नव्हतं.
यालमारीने ते डोळ्यांनी पाहिलं,
मी त्याच्या अडकलेल्या श्वासावरून.

फेब्रुवारीत स्वीडन. गाय खांबाला पाठ घासते
तशी आमची गाडी बर्फाच्या भिंतींना घासत गेली.
पाचवे आलो.

मार्चमध्ये केनिया.
पिठासारखी धूळ, काचेवरून फटीत,
फटीतून दातांत.
घामेजल्या बोटांनी एकाऐवजी दोन पानं उलटली.
मी म्हणाले, “उजवं पाच, लांब.”
रस्ता डावीकडे गेला.

मग बाभूळ, आकाश, जमीन, परत आकाश.
तेवढं मात्र मी पाहिलं.
पट्ट्यांना लोंबकळत होतो दोघं, डोकं खाली;
पेन्सिल छतावर पडलेली,
इंजिन कुठेतरी टिकटिकत होतं.
माफी मागायला मी तोंड उघडलं
तर यालमारी म्हणाला,
“पुढचं वाच.”

मी वाचलं. उलटं लटकून.
डावं तीन. पूल. पुलानंतर चिखल.
तो हसायला लागला. मी रडत होते बहुधा.
झेंडा घेऊन धावत आलेल्या
नासिएकू नावाच्या मार्शलला अजून वाटतं
की आम्ही प्रार्थना म्हणत होतो.

पोर्तुगालमध्ये गिअरबॉक्स. सार्डिनियात तिसरे.
मधली ठिकाणं मला वहीवरच्या डागांवरून आठवतात:
हा कॉफीचा, हा ग्रीसचा,
हा कशाचा ते विचारू नका.

ऑगस्टमध्ये घर.
जंगलातल्या ज्या रस्त्यावर आम्ही आठ वेळा हवेत असतो,
त्याच रस्त्याने बाबा दुधाचा ट्रक न्यायचे,
एकही कॅन न हिंदकळता.
कॅन ठेवायचा जुना लाकडी ओटा अजून आहे तिथे.
चांगली टोपी घालून ते त्यावर उभे होते.

संध्याकाळी म्हणाले, “मी हात केला होता.”
“बाबा, मी कधीच वर पाहत नाही.”
त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं, परत फिरवलं.
“हेल्मेट दिसलं,” म्हणाले,
“वाकलेलं. शाळेत असताना गणितं करायचीस तसं.”

नोव्हेंबर, जपान, ओली पानं, शेवटचा टप्पा.
वर्षाच्या यादीत सातवे.
संघाचं पत्र यालमारीच्या नावाने आलं;
मला त्याची प्रत.
विमानतळावर त्याने माझी बॅग उचलली,
वर्षभरात पहिल्यांदाच,
आणि वहीच्या वजनाला नावं ठेवली.

आता नवा मुलगा आहे. एकोणीस वर्षांचा,
कानात सतत गाणी.
हिवाळ्यात घरच्या रस्त्याच्या नोंदी नव्याने उतरवताना
त्याने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.
“सहाव्या उडीनंतर, उजवीकडे, हे काय लिहिलंय?
ओटा. बाबा.
वेग कमी करायचा का तिथे?”

“नाही,” मी म्हटलं.
“ते मोठ्याने वाचायचं नाही.
तू पाय दाबून ठेव.”